सौदा माझ्यावर सोडून गेलात

अहो,

परवा मत देऊन आले. सुतक फिटायच्या आत. तुमच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या वन्संनी, आधी कपाळावर हात मारून घेतला, लोक काय म्हणतील म्हणून अख्खं घर डोक्यावर घेतलं, आणि मग स्वतःच पदर खोचून माझ्या पुढे चालू लागल्या. तुम्ही असतात तर ओट्यावर बसून पोट धरून हसला असतात. मत कुणाला दिलं ते सांगते, पण लगेच नाही. पाच वर्षं तुम्ही मला टांगणीला लावलं होतंत, आता थोडं तुम्ही थांबा.

लोक येतात, बसतात, "गेनुशेठ म्हणजे देवमाणूस" असं म्हणतात. मी मान हलवते. आमटीत मीठ कमी पडलं की हा देवमाणूस ताट कसं पुढं सरकवायचा ते यांनी कुठं पाहिलंय. रडू येतं तेव्हा रडते, ते काही मी अडवत नाही. पण खरं सांगू का, या दिवसांत मला राहून राहून हसूच येतंय, आणि चार माणसांत ते लपवताना जीव नकोसा होतो. कालपरवा पदर तोंडावर घेऊन बसले होते, तर वन्सं जवळ येऊन पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "रडू नगं वयनी, आसं आंग टाकून कसं चालंल." मी कुठली रडतेय. मला तुमचा रुमाल आठवला होता.

चिंचवडच्या शाळामास्तरांची मुलगी मी, कांद्याच्या अडत्याच्या घरात पडले तेव्हा बाजारातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चाकणला भाव तोंडानं ठरत नाही हेच मला आधी खरं वाटेना. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि आजूबाजूच्या गर्दीला काही कळायच्या आत सौदा होऊन जातो. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तुम्ही जेवून हात धुतलेत, मी पंचा पुढं केला, आणि पंच्याखाली तुम्ही माझी बोटं दाबलीत. समोर सासूबाई बसलेल्या. माझ्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मग मागच्या दारी गाठून तुम्ही शिकवलंत. एक बोट दाबलं की व्हय. दोन दाबली की न्हाई. सगळी मूठ दाबली की परसात ये, बोलायचंय. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही अशी त्या घराची रीत, आणि आपण दोघं रोज दोन वेळा पंच्याखाली पोटभर बोलायचो. वर्षभर आपल्याला वाटत होतं, कुणाला काही कळत नाही. एक दिवस सासूबाई शेंगा फोडता फोडता मान वर न करता म्हणाल्या, "ह्यो हात पुसतोय का कांदं इकतोय?" तुम्ही जे बाहेर पळालात ते दिवेलागणीलाच परत आलात.

आणखी एक खूण होती, ती बाजारात क्वचितच कुणी करतं. रुमालाखाली आपला हात समोरच्याच्या हातात नुसता ढिला सोडून द्यायचा. म्हणजे, सौदा तुझ्यावर सोडला, तू म्हणशील तो भाव. लेकीला शिकायला चिंचवडला माझ्या वडिलांकडे ठेवावी का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही तसा हात सोडला होतात. घरात सगळे विरोधात होते. तुम्हीही मनातून नाराज होतात, मला माहीत होतं. तरी हात सोडलात. लेक शिकली ती त्या ढिल्या हातामुळे, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज म्हणते.

बाकी सगळ्यात तुम्ही असे मऊ, आणि पक्ष म्हटला की मात्र पाषाण. गावात पक्षाचा पहिला झेंडा तुमच्याच गाळ्यावर लागलेला. पहिली निवडणूक आली आणि पक्षानं तिकीट दिलं रावसाहेबांना. त्यांना चाकणमध्ये लोकांनी पाहिलं होतं ते फक्त हार घालून घेताना. आणि त्यांच्यासमोर पक्षाविना एकटे उभे राहिले खेडचे डॉक्टर, ज्यांच्या सायकलची घंटा ऐकून पोरं आजारी असूनही दारात यायची. डॉक्टरांना निशाणीही मिळाली सायकलचीच. मी म्हटलं, देवानंच ठरवून दिलंय, आता विचार कसला करायचा. तुम्ही म्हणालात, "माझा इचार झालाय. मत पक्षाला."

तिथून जे भांडण सुरू झालं ते पाच वर्षं पुरलं. मी एकदा भाकरी थापता थापता विचारलं होतं, आठवतं ना? "तुम्ही बाजारात गोणीच्या तळाशी हात घालून कांदा वर काढता, चिरून बघता, नाकाला लावता. आणि माणूस मात्र न उघडता घेता?"

"आगं, गोनीवर नाव आसतं," तुम्ही म्हणालात. "माल नासका निघाला तर त्या नावाच्या दारात जाऊन भांडता येतं. तुझा डाक्टर सुटा हाय. उद्या त्यो चुकला तर कुनाच्या दारात जायाचं?"

"डॉक्टरच्याच. त्यांचं दार आपल्याला ठाऊक आहे."

"आनि मुंबईला जाऊन त्यो एकला काय करनार? धाजन मिळून वडत्यात तवा गाडी चढ चढती."

"दहाजणांत एक मुद्दाम बसलेला असला, तर त्यालाही आपण चारा घालायचा का?"

तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत, वर म्हणालात, "भाकरी करपली तरी चूल बदलत न्हाईत." मी तुम्हाला पाठमोरी होऊन हसले. हरलेली नव्हते, पण उत्तरही लगेच सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं, तेव्हा तुम्ही बाजारात होतात.

त्या मतदानाची गंमत तर चाकणात अजून सांगतात. पडद्याआड पेट्या मांडलेल्या, एकेका उमेदवाराची एकेक पेटी, वर निशाणीचं चित्र. चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, एवढंच काम. तुम्ही महिनाभर आळी-आळीतून खोकी मांडून, वर चित्रं चिकटवून बायाबापड्यांना शिकवत होतात. आणि तुमच्या सख्ख्या आईनं काय केलं? पडद्याआड जाऊन सगळ्या पेट्यांना हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि चिठ्ठी कनवटीला लावून घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली. "सरकारनं हातात दिलंया, खोक्यात कशापायी टाकू?" तुम्ही देव्हाऱ्यासमोर मटकन खाली बसलात. रावसाहेबांचं एक हक्काचं मत बाळकृष्णाला गेलं म्हणून मी दोन दिवस गाणं गुणगुणत होते.

मी मात्र घरी आल्या आल्या सांगितलं, सायकलीच्या पेटीत टाकलं. मला वाटलं, आता चिडाल. बाजारात लोकांनी टोमणे मारले असते, पक्षाच्या झेंडेवाल्याची बायकोच फुटली म्हणून. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "भांडलीस चांगली, पर चुकलीस." बस. आणि मी विचारलं, तुम्ही कुणाला दिलंत, तर म्हणालात, "पडद्याआड झालं त्ये पडद्याआड." आता यात विचारण्यासारखं काय होतं, तर तुम्ही पडद्याआड फार वेळ होतात. बाहेर रांगेतली माणसं कुजबुजायला लागली होती. ज्याचं मत आधीच ठरलंय त्याला चिठ्ठी टाकायला इतका वेळ? माझ्या मनात तेव्हा जो किडा शिरला तो शिरलाच. पाच वर्षं मी कधी जेवताना, कधी झोपाळ्यावर, कधी पाहुण्यांदेखत तुमचा हात धरून हळूच विचारलं, पक्षाला की सायकलला? तुम्ही हात काढून घ्यायचात आणि मिशीत हसायचात. असा राग यायचा मला.

रावसाहेब निवडून आले आणि मुंबईला जाऊन गप्प बसले. मी म्हटलं, नासका निघाला, आता जा नावाच्या दारात. टोमणाच होता. पण तुम्ही खरंच गेलात. चाकणमध्ये बाळंतिणीसाठी धड खोली नाही, अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून खेडला न्यावं लागतं, हे रावसाहेबांना सांगायला तुम्ही बाजार नसेल त्या दिवशी खेडला जायचात आणि त्यांच्या पडवीत बसून राहायचात. ते घरी नाहीत म्हणाले तरी उठायचा नाहीत. पक्षाचा जुना माणूस, त्यांना तुम्हाला हाकलताही येईना. "मी मत टाकलंय तुमच्या पेटीत, मी काय भीक मागाय आलो न्हाई," हे तुमचं वाक्य मला शेजारच्या सरुबाईनं सांगितलं, तुम्ही नाही. शेवटी कंटाळून त्यांनी मंजुरी आणली. खोली झाली. त्या खोलीत पहिलं मूल जन्माला आलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन माझ्या तळहातावर एक पेढा ठेवलात. तो पेढा खाताना मला कळलं, तुम्ही पक्ष पक्ष करता ते आंधळेपणानं नाही. तुम्हाला भांडायला एक कायमचं दार हवं होतं. हे मी तेव्हा कबूल करायला हवं होतं, पण तुम्ही असे काही मिशीत हसत होतात की माझं तोंडच उघडेना.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. पुन्हा रावसाहेब, पुन्हा डॉक्टर, आणि पुन्हा आपण दोघं. हवा तर अशी तापली होती की सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनात. आपलं नुकतं कुठं रंगात येत होतं, आणि एका सकाळी गाळ्यावर गोणीला टेकून बसलेले तुम्ही उठलाच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

पुण्याच्या दवाखान्यात न्यायला रावसाहेबांनी स्वतःची प्रचाराची जीप पाठवली, हे मला सांगितलंच पाहिजे. निरोप गेल्याबरोबर पाठवली. झेंडे लावलेली, कर्णा बांधलेली जीप, आत मी, मांडीवर तुमचं डोकं. मोशी गेली, भोसरी आली, आणि तो ड्रायव्हर सवयीनं कर्ण्यातून ओरडायला लागला, "आपलं बहुमोल मत..." मी मागून त्याच्या पाठीत धपाटा घातला. तोवर दापोडीच्या नाक्यावरची माणसं हात उंचावून घोषणा देत होती. मी खाली बघितलं तर तुमच्या ओठाची डावी कड वर गेलेली. मरणाच्या दारातून जाताना तुम्ही हसत होतात. मग मीही हसले आणि रडले, दोन्ही एकदमच झालं.

पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. चाकणला आल्यावर खेडचे डॉक्टर रोज येऊ लागले. त्यांचा स्वतःचा प्रचार चाललेला, गावोगाव सभा, तरी सायकल दारात लागायचीच. निवडणुकीचा शब्द काढायचे नाहीत. तुमचा डावा हात हातात घेऊन म्हणायचे, "हा शाबूत आहे, याच्याशी बोलत राहा." मला कोण शिकवणार, मी त्या हाताशी लग्न झाल्यापासून बोलत होते. पाणी हवं? एक बोट. कूस बदलू? दोन बोटं. वन्संना बाहेर बसायला सांगू? एक बोट, आणि तेही लगेच.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, आता तरी सांगा. पहिल्या खेपेला मत पक्षालाच दिलं होतंत?

एक बोट.

तोंडात मारल्यासारखं झालं हो मला. पाच वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला सायकलवर बसवून ठेवलं होतं. मग इतका वेळ तिथं काय करत होतात? पण हे नुसत्या हो-नाहीनं विचारायचं कसं? म्हटलं, पेटी सापडेना का? दोन बोटं. तब्येत बिघडली होती? दोन बोटं. मी जरा थांबले आणि विचारलं, सायकलीच्या पेटीपुढं उभे राहिला होतात का?

मग एक बोट.

माझ्यासाठी?

पुन्हा तेच बोट, आणि या वेळी तुम्ही ते सोडलंच नाहीत. म्हणजे तुम्ही माझं सगळं ऐकलं होतंत. करपलेल्या भाकरीसकट ऐकलं होतंत. तिथं उभं राहून माझी बाजू तोलून बघितलीत, आणि तरी आपल्या मनाला पटलं तेच केलंत. इतका मान मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, यंदा तुम्हाला काही केंद्रावर जाता येणार नाही. माझं एक मत आहे. तुम्ही सांगाल त्या पेटीत टाकते, अगदी रावसाहेबांच्या. बोला, पक्षाला टाकू? मी खरंच टाकलं असतं हो. तुम्ही बोट दाबायची वाट बघत बसले. एक नाही, दोन नाही. आणि तुमचा हात माझ्या हातात ढिला पडला. मला वाटलं, गेलात. वर बघितलं तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, चांगले टक्क जागे. सौदा माझ्यावर सोडला होतात.

चार दिवसांनी खरोखर गेलात.

दहावं व्हायच्या आधीच पक्षाची मंडळी आली. चांगली माणसं आहेत, तुमच्यासाठी मनापासून रडली. मग त्यांतल्या एकानं घसा साफ केला. "वहिनी, दादांचं घर म्हणजे पक्षाचं घर. तुमचं मत म्हणजे दादांची शेवटची इच्छा."

"त्यांची शेवटची इच्छा तुम्हाला कुणी सांगितली?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे."

"मग तालुक्याला हेही ठाऊक असेल की बाळंतिणीच्या खोलीत अजून पाण्याचा नळ नाही. रावसाहेबांना सांगा, ते निवडून येवोत की पडोत, त्यांच्या पडवीतली जागा रिकामी झालेली नाही. यांच्या जागी मी येऊन बसणार आहे."

ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत उठले. वन्सं आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "वयनी, दादा बोलल्यावानी वाटलं गं." आणि त्या रडल्या, तेव्हा मीच त्यांना जवळ घेतलं.

परवा शाळेत बायकांच्या रांगेत उभी राहिले. काही बायका बाजूला सरकल्या, काहींनी हात धरला. टेबलामागच्या मनुष्यानं यादीतून मान वर न करता विचारलं, "पतीचं नाव?" मी सगळ्या जन्मात तुमचं नाव घेतलेलं नव्हतं. मी सरळ म्हटलं, ज्ञानोबा. किती साधं होतं हो. तुम्हाला एकदा तरी ऐकवायला हवं होतं, तेवढी एक रुखरुख राहिली.

बोटाला शाई लावली, हातात चिठ्ठी दिली, आणि मी पडद्याआड गेले. शेजारी शेजारी पेट्या. मी तुमच्या, म्हणजे पक्षाच्या, पेटीसमोर उभी राहिले. घरून निघताना ठरवून निघाले होते, काय वाटेल ते होवो, या एका वेळी तुमच्यासाठी टाकायचं. पिंडाला नैवेद्य ठेवतो तसं. हात पुढंही नेला. कुणी मला वेडी म्हटलं नसतं, तुम्ही तर नाहीच.

आणि मला वाटलं, ही चिठ्ठी इथं पडली की आपलं भांडण मिटलं. मग संध्याकाळी मी कुणाशी बोलू? दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर सुचलं तर ते कुणासाठी राखून ठेवू? तुम्ही सौदा माझ्यावर सोडलात तो काही मी तुमच्यासारखी व्हावं म्हणून नाही. मी तुम्हाला तशी हवी असते तर पाच वर्षं माझ्याशी इतक्या चवीनं भांडला नसतात.

मी दोन पावलं सरकले आणि सायकलीच्या पेटीत चिठ्ठी टाकली.

बाहेर वन्सं घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या. "किती येळ गं वयनी. काय करत हुतीस आत?"

"तुमच्या दादांशी भांडत होते," मी म्हटलं.